पोटात पट्टा, ताटात पोहे : गॅस्ट्रिक बँडनंतर या चुका टाळा

वजन कमी करण्यासाठी पोटात गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराभोवतीचा पट्टा, बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या महिन्यात, डिसेंबरातल्या एका सकाळी, मी शाळेतील सहकारी शिक्षिकांबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापुढे उभी राहून पोहे खाल्ले. वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर शेव, जिरावन मसाला आणि बारीक चिरलेला कांदा. इंदुरात वाढलेल्या माणसाला ही प्लेट म्हणजे खाणे वाटतच नाही, ती सकाळचाच एक भाग असते. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध, हाडामागे, कोणी मूठ आवळून धरावी तसे झाले. तोंडाला चिकट लाळ सुटू लागली, कळ खांद्यापर्यंत गेली, आणि ‘अहो ताई, पाणी प्या’ या सर्वांच्या सल्ल्यानुसार मी अर्धा पेला पाणी घटाघट प्यायले. पाच मिनिटांत ते पाणी, ती लाळ आणि ते तीन घास जसेच्या तसे रस्त्याच्या कडेला परत आले.

त्या एका प्लेटीत चार चुका होत्या : वेळ चुकली होती, वेग चुकला होता, वरची कोरडी शेव चुकली होती आणि शेवटी पाणी चुकले होते. बँड बसवलेली बहुतेक माणसे या चुका कधी ना कधी करतात. शस्त्रक्रियेपूर्वी मिळालेल्या कागदावर त्या लिहिलेल्याही असतात, परंतु कारण न सांगता दिलेला नियम घरच्या ताटासमोर टिकत नाही, म्हणून येथे कारणांसह लिहीत आहे.

पट्ट्याला कुलूप समजणे

गॅस्ट्रिक बँड हा सिलिकॉनचा पट्टा जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती, अन्ननलिका जेथे जठराला मिळते त्याच्या किंचित खाली बसवलेला असतो. त्याच्या वर जठराचा जो लहानसा कप्पा उरतो, त्यात साधारण 15 ते 30 मिलिलिटर, म्हणजे एक ते दोन मोठे चमचे मावतात. पट्ट्याच्या आतील बाजूस फुगवता येणारी पोकळी असते आणि तिच्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या त्वचेखालील पोर्टला, म्हणजे एका लहानशा डबीला, जोडलेली असते. त्या पोर्टमध्ये खास सुईने सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढून घेतले की सैल होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पट्ट्याला 2001 मध्ये मान्यता दिली आणि पुढील दहा-बारा वर्षे त्याची चलती होती. आता बहुतेक ठिकाणी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) किंवा बायपास (जठराचा लहान कप्पा करून तो थेट आतड्याला जोडणे) केली जाते, त्यामुळे बँड बाळगणारे आम्ही लोक जरा जुन्या बॅचचे ठरलो आहोत.

सर्वसाधारण समजूत अशी की वरचा कप्पा अन्नाने भरतो, खाली वाट अरुंद असल्याने अन्न तेथेच साचते आणि म्हणून पोट भरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात अन्न तेथे साचणे अपेक्षितच नाही. नीट चावलेला घास अन्ननलिकेच्या दोन ते सहा लाटांमध्ये, म्हणजे सुमारे मिनिटाभरात, पट्ट्यातून पुढे जातो. जाताना तेथील मज्जातंतूंवर जो दाब पडतो, त्यातून भूक शमल्याचा निरोप मेंदूकडे जातो. आधीचा घास पुढे जाण्यापूर्वी दुसरा आणि तिसरा घास टाकला, तर हा निरोप पोहोचण्याआधीच अन्न एकावर एक चढते, कप्पा व अन्ननलिका ताणली जाते आणि वर्षानुवर्षे असेच चालल्यास ती कायमची रुंदावते. म्हणून चहाच्या चमच्याएवढा घास, वीस-पंचवीस वेळा चावणे, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवून जवळजवळ मिनिटभर थांबणे आणि वीस ते तीस मिनिटांनी, ताटात काही उरले असले तरी, उठणे, एवढ्यावर पट्ट्याचे निम्मे काम अवलंबून असते. पोट ‘भरले’ असे वाटण्याची वाट पाहू नये. ‘आता भूक राहिली नाही’ असे वाटणे हीच थांबण्याची खूण आहे. काहींना त्या क्षणी उचकी लागते, काहींचे नाक वाहू लागते. मला शिंक येते, आणि घरात आता माझ्या शिंकेवर माझे ताट उचलले जाते.

सकाळच्या पहिल्या घासाची घाई

पुष्कळ जणांना पट्टा सकाळी अधिक घट्ट जाणवतो. काही स्त्रियांना मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत आणि अनेकांना मानसिक ताणाच्या वेळीही तसाच अनुभव येतो. सकाळी सातच्या पोह्यांवर पोसलेल्या शहरात याची अडचण किती, हे सांगायला नको. उठल्यावर आधी कोमट पाणी किंवा पातळ चहा घोट-घोट घ्यावा, त्यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि दिवसाचा पहिला घास मऊ व ओलसर असावा : मुगाचे मऊ धिरडे, पनीरची ओलसर भुर्जी, मऊसर शिजवलेले अंडे किंवा दाट वरण. पोहे खाऊच नयेत असे मी म्हणणार नाही. वाफेवरचे इंदुरी पोहे मुळात मऊ असतात, ते शेवेशिवाय, अर्धी वाटी, घरी बसून आणि दहानंतर खाल्ले तर माझ्या पोटात आजही निमूट जातात.

जेवताना पाणी, आणि अडकल्यावर तर नक्कीच पाणी

जेवणाबरोबर घेतलेले पाणी किंवा ताक घासाला धुऊन पुढे ढकलते, त्यामुळे दाबाचा निरोप पोहोचत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. म्हणून जेवताना आणि जेवणानंतर निदान अर्धा ते एक तास द्रवपदार्थ टाळण्यास सांगतात. या नियमाची दुसरी बाजू मात्र विसरली जाते : दिवसभरातले दीड लिटर पाणी मग मधल्या वेळात आठवणीने प्यावे लागते. ते न प्यायल्यास मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, डोकेदुखी, चक्कर आणि बद्धकोष्ठता ठरलेली आहे. बद्धकोष्ठतेवर मनाने इसबगोल सुरू करू नये, कारण तो फुगतो आणि पट्ट्याशीच अडू शकतो.

घास अडकलाच तर खाणे तत्काळ थांबवावे, उभे राहावे, थोडे फिरावे आणि लाळ गिळण्याऐवजी थुंकावी. वरून पाणी ओतू नये, कारण बुच बसलेल्या मोरीत पाणी ओतल्यास ते वरच येणार. सोडा किंवा शीतपेयाने ‘गॅस मोकळा’ करण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये. घास उतरल्यावर किंवा उलटून पडल्यावर त्या जागी सूज राहते आणि पट्टा काही काळ अधिक घट्ट होतो. त्यामुळे पुढील चोवीस तास केवळ द्रवपदार्थांवर राहावे. ‘आता मोकळे झाले, जेवून घेऊ’ असे म्हणून जो लगेच ताटावर बसतो, तो संध्याकाळपर्यंत पुन्हा त्याच जागी येतो.

मऊ म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज

कोणता पदार्थ अडेल याचा अंदाज पोताच्या नेहमीच्या कल्पनांवरून बांधता येत नाही. ताजी, लुसलुशीत, घडीची पोळी तोंडात लगदा होऊन गोळ्यासारखी अडते, तर तीच पोळी तव्यावर कडक भाजली की चुरा होऊन सहज उतरते, पावाचेही तसेच. चिकट भात, साबुदाण्याची खिचडी, मैद्याचा पाव, शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीची साल आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी कोरडे चिकन ही अडणाऱ्यांची नेहमीची यादी आहे. आपल्याकडच्या भुट्ट्याच्या किसात दाण्यांची साले राहतात, गराडूचा कंद तळून चिवट होतो, आणि बाफल्याबद्दल काय लिहावे? उकडून, भाजून, तुपात बुडवलेला कणकेचा तो गोळा पट्ट्याच्या दृष्टीने जवळजवळ बुचच आहे. डाळ घ्यावी, बाफला शेजाऱ्याला द्यावा.

याच्या उलट, जे पदार्थ काहीही तक्रार न करता उतरतात, तेच वजन वाढवतात. बायपास झालेल्या माणसाला गोड खाल्ल्यावर घाम आणि धडधड होऊ शकते, त्यामुळे त्याला आपोआप धाक बसतो. बँडमध्ये तसा धाक नाही. सराफ्यातील, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातील, दाट दुधाची गोड शिकंजी, रबडी, आइस्क्रीम, पाकात मुरलेली जिलबी, तोंडात विरघळणारी शेव, यांना पट्टा अडवतच नाही. ‘मी तर दोन घासही खाऊ शकत नाही, तरी वजन वाढतेच’ असे म्हणणाऱ्याने दोन घासांच्या मधल्या वेळेत काय प्यायले, ते आठवडाभर प्रामाणिकपणे लिहून काढावे. मी लिहिले होते. वहीत शिकंजी सहा वेळा निघाली.

अधिक घट्ट म्हणजे अधिक गुण, असे मानणे

ही चूक मला सर्वांत महागात पडली. पहिले सलाईन साधारणतः शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी भरतात आणि पुढे गरजेप्रमाणे थोडे-थोडे वाढवतात. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरत असेल, लहानशा जेवणानंतर काही तास भूक लागत नसेल आणि साधे घन अन्न नीट चावून खाता येत असेल, तर पट्टा योग्य तेवढाच आवळलेला आहे असे समजावे. मी मात्र भाचीच्या लग्नापूर्वी उतावीळपणे आणखी भरून घेतले. परिणाम असा झाला की पोळी, भाजी, उसळ, कोशिंबीर हे सर्व अडू लागले आणि मी नकळत चहा-बिस्कीट, खीर व आइस्क्रीम यांवर आले. दोन महिन्यांत वजन तीन किलो वाढले. रात्री आडवे पडल्यावर आंबट पाणी घशाशी येई, कोरड्या खोकल्याने जाग येई, आणि त्या खोकल्यासाठी मी कितीतरी दिवस काढा पीत होते. रात्रीचा ठसका, छातीतील जळजळ आणि वरचेवर होणारी उलटी ही पट्टा अति घट्ट असल्याची लक्षणे आहेत. त्यावर उपाय म्हणजे थोडे सलाईन काढून घेणे. मला काढून घेतलेले सलाईन एक मिलिलिटरही नव्हते. घरी परतल्यावर अर्धी कडक पोळी आणि दाट वरण खाल्ले, आणि पाच तास भूक लागली नाही.

प्रथिनांचा हिशेब न ठेवणे

एवढ्याशा जेवणात दिवसाला सुमारे 60 ग्रॅम प्रथिने बसवणे शाकाहारी घरात सोपे नाही. पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास मिळतात. पातळ वरणाच्या वाटीतून फारच थोडी. म्हणून ताटातील प्रथिने आधी, भाजी नंतर आणि पोळी-भात शेवटी, जागा उरल्यास, असा क्रम ठेवावा. तीन-चार महिन्यांनी केस मूठभर गळू लागले की तेले बदलली जातात, पण कारण बहुधा वेगाने उतरलेल्या वजनात आणि कमी पडलेल्या प्रथिनांत असते. बँडमुळे अन्नाचे शोषण बिघडत नाही हे खरे, तरी खाणेच कमी झाल्यामुळे बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी व गोळ्या सुटू नयेत. मोठ्या गोळ्या अडू शकतात, म्हणून चावण्याच्या किंवा पातळ औषधांबद्दल विचारावे. सगळ्याच गोळ्या कुटून घेता येत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत. मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा वजनाबरोबर डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, नाहीतर पूर्वीच्याच मात्रेने साखर धोकादायकपणे खाली जाते. हरतालिकेचा निर्जळी उपवास या काळात सोडून द्यावा. देव समजून घेतो, सासूबाईंना वेळ लागतो.

ज्या वेळी थांबू नये, त्या वेळी थांबणे

पाण्याचा घोटही उतरत नसणे, वरच्या पोटात अचानक व न थांबणारे दुखणे, उलटीतून रक्त येणे किंवा शौचास काळे होणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जठराचा भाग पट्ट्याखालून वर सरकला तर पट्टा तातडीने सैल करावा लागतो. पोर्टच्या जागी बऱ्याच काळाने लाली, सूज किंवा पू दिसणे हे पट्टा जठराच्या भिंतीत रुतत असल्याचे लक्षण असू शकते, त्यामुळे केवळ मलम लावून स्वस्थ बसू नये. काहीही न करता एकाएकी पूर्वीसारखे पोटभर जेवता येऊ लागले, तर नळी किंवा पोर्ट गळत असण्याची शक्यता असते. आणि उलट्या आठवड्याहून अधिक चालल्या, पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ती ब-1 जीवनसत्त्वाची गंभीर कमतरता असू शकते आणि तिच्यावर उपचार तासांत सुरू व्हावे लागतात.

अशा वेळी समोरच्या डॉक्टरांनी पूर्वी कधी बँड हाताळलेला असेलच असे नाही. इंदुरातील अनेकांची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला झालेली असते, आणि पट्ट्याची क्षमता बनावटीप्रमाणे 4 पासून 14 मिलिलिटरपर्यंत वेगवेगळी असते. म्हणून पट्ट्याची बनावट व आकार, शस्त्रक्रियेची तारीख, पोर्ट पोटाच्या कोणत्या बाजूस आहे, आत सध्या किती सलाईन आहे आणि ते शेवटचे कधी बदलले, एवढे एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवावा. पोर्टमध्ये साधी इंजेक्शनची सुई टोचल्यास त्याचा पडदा कायमचा गळू लागतो. त्यासाठी वेगळ्या घडणीची, ह्यूबर सुई लागते. माझ्या कागदावर ते लाल शाईने लिहिलेले आहे.