डेटाबेसमध्ये बदलांचा इतिहास कसा ठेवावा

शाम्पूवरचा जीएसटी १ जुलै २०१७ ला २८ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो १८ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. तुमच्या टेबलात 'दर' नावाचा एकच कॉलम असेल आणि दर वेळी तोच अपडेट केला असेल, तर आज तिथे फक्त ५ दिसेल. ऑगस्ट २०२५ मध्ये विकलेला माल परत आला किंवा जुना हिशेब तपासायची वेळ आली, की शोधाशोध सुरू. 'बॅकअपमध्ये असेल की' हे उत्तर मी फार ऐकलंय. बॅकअप उघडून एका दिवसाचा दर शोधून बघा, मग कळेल.

आधी कशाचा इतिहास हवा ते ठरवा: दर, किमती, पत्ते, पदं, पगार. सगळ्याच टेबलांचा नको.

मग वेगळं टेबल करा: वस्तूचा कोड, दर आणि दोन तारखा. जुनी-नवी ओळ जेसनमध्ये (सगळी माहिती एकाच मजकुरात लिहायचा प्रकार) कोंबून एकाच ऑडिट टेबलात टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. कोणी काय बदललं, हे शोधायला ते पुरतं. पण 'त्या दिवशी दर काय होता' हे विचारायला लागलात की प्रत्येक क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, जेसन सोलत बसावं लागतं. या कामासाठी ते करू नका.

आता त्या दोन तारखांकडे या. मी इथेच तोंडावर आपटलो होतो, म्हणून सावकाश सांगतो.

मी कॉलमांना 'पासून' आणि 'पर्यंत' अशी नावं दिली होती. मराठीत '२२ तारखेपर्यंत' म्हटलं की २२ धरूनच. म्हणून एका व्यापाऱ्याच्या बिलिंगमध्ये नवा दर भरताना १८ टक्क्यांच्या ओळीत 'पर्यंत' म्हणून २२ सप्टेंबर पडला आणि ५ टक्क्यांच्या ओळीत 'पासून' म्हणूनही २२ सप्टेंबरच. रिपोर्ट बिलाची फक्त तारीख घेऊन, बिट्वीन ('या दोन तारखांच्या दरम्यान' ही अट) वापरून लिहिलेला होता, आणि बिट्वीन दोन्ही टोकं धरतो. त्या एका दिवसाचं शाम्पूचं प्रत्येक बिल रिपोर्टमध्ये दोनदा आलं, एकदा १८ ने आणि एकदा ५ ने. एरर नाही, काही नाही. बेरीज जुळेना तेव्हा कळलं.

मग मी 'पर्यंत' २१ केलं. पण दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये बिलाची वेळही तपासली जात होती आणि कॉलम टाइमस्टॅम्पचा (तारीख आणि वेळ दोन्ही ठेवणारा) होता, म्हणजे तो २१ तारखेच्या मध्यरात्री ००:०० वाजताच संपला आणि २१ ला दिवसभर केलेली बिलं कुठल्याच ओळीत बसेनात. इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जुळतात तेवढ्याच ओळी दाखवणारी जोडणी) असल्यामुळे ती मुकाट्याने गायब झाली. यावर कोणी २३:५९:५९ लिहायला सांगितलं तर ऐकू नका. त्या शेवटच्या सेकंदाच्या आतही वेळ असते आणि तिथे पडलेली ओळ सापडत नाही.

उपाय एकच आणि तो मी आता सोडत नाही. सुरुवात धरायची, शेवट धरायचा नाही. पहिल्या कॉलमचं नाव 'लागू_पासून' ठेवा; दुसऱ्याचं 'पर्यंत' ठेवू नका, 'बंद_पासून' ठेवा. मग १८ ची ओळ २२ पासून बंद, ५ ची ओळ २२ पासून लागू. तारीख दोन्हीकडे तीच, ना फट ना आच्छादन. क्वेरीतली अट कायम हीच: लागू_पासून <= बिलाची तारीख आणि बिलाची तारीख < बंद_पासून.

चालू ओळीचा 'बंद_पासून' नल, म्हणजे रिकामा, ठेवू नका. नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही, त्यामुळे आजचाच दर मिळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये इन्फिनिटी ठेवा, इतरत्र ९९९९-१२-३१. आणि कायद्याने ठरलेल्या दराला टाइमस्टॅम्प नको, साधा डेट द्या. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपली २२ तारीख सुरू होते तेव्हा तिथे २१ चे १८:३० वाजलेले असतात. म्हणून बिलाची तारीखही भारतीय वेळेनेच काढा.

पुढचं काम डेटाबेसवर सोपवा. दोन ओळी एकमेकींवर चढणार नाहीत, हे अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये तपासून भागत नाही. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं की दोघांची तपासणी पास होते. पोस्टग्रेसमध्ये डेटरेंज (दोन तारखांमधला काळ) आणि एक्सक्लूड कन्स्ट्रेंट (एकमेकांवर चढणाऱ्या ओळी नाकारणारा नियम) वापरा, कोडच्या तुलनेसाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागेल. पोस्टग्रेसची आवृत्ती १८ असेल तर प्रायमरी कीलाच 'विदाउट ओव्हरलॅप्स' जोडता येतं. मायएसक्यूएलमध्ये एक्सक्लूड नाही. तिथे बदलाआधी वस्तूची मूळ ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने लॉक करा. जुनी ओळ बंद करणं आणि नवी घालणं कुठल्याही डेटाबेसमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही.

'टेम्पोरल टेबल चालू करा, झालं' असंही सांगतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून आणि मारियाडीबीत १०.३ पासून अशी टेबलं, म्हणजे सिस्टीम-व्हर्जनिंग (प्रत्येक बदलाची जुनी ओळ डेटाबेसने आपोआप ठेवणं) आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्याला फक्त नोंद केव्हा झाली ते कळतं. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झाला, लागू २२ पासून. तुम्ही १८ सप्टेंबरला नवा दर भरलात तर सिस्टीमच्या लेखी ५ टक्के १८ तारखेपासूनच सुरू झाले. दर केव्हा लागू झाला आणि तो आपल्याकडे केव्हा नोंदवला, या दोन वेगळ्या वेळा आहेत. पहिली तुमच्या दोन कॉलमांत राहू द्या. चुकीचा दर मागाहून दुरुस्त केला तेव्हा आधी काय लिहिलं होतं हेही दाखवावं लागत असेल, तर दुसरीसाठी सिस्टीम-व्हर्जनिंग किंवा ट्रिगर (बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लावा.

शोध झटपट व्हावा म्हणून इंडेक्स करा: वस्तूचा कोड आणि लागू_पासून या दोन्हींवर मिळून, याच क्रमाने.

आणि खरी बिलं जोडण्याआधी शाम्पूच्या कोडवर क्वेरी चालवून बघा. २१ सप्टेंबर २०२५ टाकल्यावर १८ आलं पाहिजे, २२ टाकल्यावर ५, आजची तारीख टाकल्यावर चालू दर, आणि तिन्ही वेळा ओळ एकच.