देवबाग-तळाशीलच्या वाळूवर सहकुटुंब तळ: जागा कशी निवडावी

मालवणच्या दक्षिणेला देवबाग आणि उत्तरेला तोंडवळी-तळाशील ही गावं वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहेत. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी. देवबागला कर्लीची, तळाशीलला गड नदीची. मधे माडांच्या वाड्या, एक अरुंद रस्ता आणि काही ठिकाणी दोन्ही पाणी हाकेच्या अंतरावर. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घेऊन मुलाबाळांसह तंबूत एक-दोन रात्री काढायला या पट्ट्या फार चांगल्या. पण जागा निवडताना सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे लागलेलं असतं आणि चूक होते ती पाठीमागच्या खाडीकडे न बघितल्यामुळे. समुद्र गाजत चढतो. खाडीचं पाणी आवाज न करता सखल भागातून आत शिरतं, आणि गाडी बहुधा तिथेच उभी असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. गाडी पुळणीवर घालायची नाही. कोकणात ठिकठिकाणी किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे आणि गुन्हेही दाखल होतात. बंदी नसती तरी कारणं पुरेशी आहेत. पुळणीवर रापणीची जाळी वाळत असतात, होड्या ओढायच्या वाटा असतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात, आणि खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू चाकोरीच्या बाजूने चालत राहतं, समुद्राला पोचत नाही. मग फोर बाय फोरचा उपयोग काय? रस्ता सोडून वाडीतून तंबूपर्यंत जाणारी शेवटची शे-दोनशे मीटरची वाट मऊ वाळूची असते, तिच्यासाठी. कर्लीच्या मुखातलं सुनामी बेट हे होडीने जाऊन परत यायचं ठिकाण आहे. भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, तिथे मुक्कामाचा विचारही नको.

तिथी बघून निघा

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर हा विषयच नाही. पावसाळ्यात समुद्र या पट्ट्यांचे लचके तोडतो, जागोजागी दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातलेत ते उगाच नाही.

हंगामातसुद्धा सगळे दिवस सारखे नसतात. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि खाडीच्या मुखातली ओढही कमी असते. लहान मुलं बरोबर असतील तर अष्टमी-नवमीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरावा. पौर्णिमेचं चांदणं कितीही मोहात पाडत असलं तरी पहिल्या खेपेला ते सोडून द्यावं.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून कामाची आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. साधारण साडेबारा तासांनी दुसरी, आणि मधे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मालवणसाठी बघून घ्यावी, मुंबईसाठीची चालत नाही. या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: उधाणाच्या दिवसांत मोठं पाणी येतं ते मध्यरात्रीच्या आगेमागे, सगळे झोपलेले असताना. आणि हिवाळ्यात दिवसाच्या आणि रात्रीच्या भरतीत रात्रीची बहुधा मोठी असते. संध्याकाळी पाच वाजता कोरडी ठणठणीत दिसणारी जागा म्हणून फसवी.

मालवणकडे उधाणाला पाण्याची चढउतार दोन-सव्वादोन मीटरची असते, अलिबागकडे ती चार मीटरच्या आसपास जाते. त्यामुळे रायगडात चाललेले अंदाज सिंधुदुर्गात लावू नका, आणि उलट तर मुळीच नको.

जागेची उंची मोजायची कशी

पुळणीवर उभं राहून आधी भरतीची रेघ शोधा. वाळलेल्या काड्या, शिंपल्यांचे तुकडे, दोरीचे धागे, प्लास्टिक यांची ती नागमोडी ओळ असते. बहुधा अशा दोन-तीन ओळी दिसतात. खालची ओली ओळ आजची. तिच्या वर उधाणाची, पार सुकलेली. आपल्याला हवी ती सगळ्यात वरची. त्याहून वर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसली तर बरं लक्षण आहे, कारण नेहमीचं पाणी पोचतं तिथे ती टिकत नाही. मात्र वेलीवर तंबू ठोकू नका. वाळू धरून ठेवायचं काम तीच करते.

आता वरच्या रेघेपासून तंबूची जागा किती उंच आहे ते बघू. घरातलं एक माणूस त्या रेघेवर उभं करा. तुम्ही तंबूच्या जागी पालथे पडून, हनुवटी वाळूला टेकवून समुद्राकडे बघा. क्षितिजाची रेषा नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते. ती रेषा उभ्या माणसाच्या ज्या भागावरून जाते, तेवढी तुमची जागा रेघेपेक्षा उंच. घोट्यावरून गेली तर जागा सोडा. गुडघ्यावरून गेली तर भांगाच्या दिवसांत चालेल, उधाणात नाही. कमरेवरून किंवा त्याच्या वरून गेली तर निश्चिंत राहा. मधे वाळूचा उंचवटा आला आणि माणूसच दिसेनासं झालं तर दोन टप्प्यांत मोजा.

खाडीच्या बाजूला क्षितिज दिसत नाही, तिथे खुणा वाचाव्या लागतात. कांदळवनाच्या बुंध्यांवर चिखलाची करडी रेघ असते. जांभ्याच्या गडग्याचा (दगडी कुंपणाचा) खालचा थर काळपट-हिरवट झालेला असतो, वरचा तांबडा राहतो. रंग बदलतो तिथपर्यंत पाणी येतं. जमिनीवर खेकड्यांची बिळं आणि चिखलाच्या गोळ्या दिसल्या तर ती खाडीची जागा आहे, आपली नाही. तंबूच नव्हे, गाडी आणि बाहेर पडायची वाटही या खुणेच्या वर हवी. अनेकदा तंबू मधल्या उंचवट्यावर सुरक्षित असतो आणि वाट मात्र खाडीकडच्या खोलगट भागातून जाते. रात्री एखाद्या मुलाला ताप आला आणि वाटेवर पाणी असलं तर तंबूची उंची काही कामाची नाही.

सगळं बघून झालं की वाडीच्या मालकाला विचाराच. "काकानू, उधाणाचा पाणी खयपर्यंत येता?" एवढा एक प्रश्न. त्यांनी दाखवलेली जागा आणि तुमचं मोजमाप जुळलं नाही तर त्यांचं ऐका. या पट्टीवरची बहुतेक जमीन खासगी वाडी आहे, तेव्हा परवानगी त्यांचीच लागते. सुरूच्या बनात थांबायचं असेल तर वन विभाग किंवा ग्रामपंचायतीकडे विचारून.

सावली, वारा, खुंट्या

माडाखाली तंबू नको. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाळलेली झावळ लक्षात राहत नाही, आणि तीही जड असते, उंचावरून येते. माडांच्या ओळींमधली उघडी जागा शोधा, जिथे सकाळी नऊनंतर तिरपी सावली मिळते. उंडी किंवा करंजाची सावली त्याहून चांगली. सुरूखाली गारवा असतो पण सुयांचा थर वाळलेला असला की ठिणगी पुरते, म्हणून तिथे स्टोव्हसुद्धा पेटवू नका. गडगे, नारळाच्या सोडणांचे ढीग, झावळांच्या राशी यांपासून पाच-सहा मीटर दूर राहा. कोकणात फुरसं अशाच जागी दडून बसतं. रात्री अनवाणी हिंडायचं नाही, सकाळी चपला-बूट झटकून घालायचे. सर्पदंश झाला तर हात-पाय हलवू न देता थेट मालवणचं ग्रामीण रुग्णालय किंवा १०८.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून, वायव्येकडून येतो. रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून गार मतलई वारा सुटतो, सोबत भरपूर दव. तंबूची बुटकी बाजू समुद्राकडे, दार दक्षिणेकडे ठेवलं तर दोन्ही वेळा वाळू आत येत नाही. वरचं कापड लावूनच झोपा, आकाश स्वच्छ असलं तरी. नाहीतर पहाटे पांघरुणं ओली.

तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत, पहिल्या झोताला उपटून येतात. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत किंवा कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड आवळून तणावा (तंबू ताणून धरणारी दोरी) तिला बांधा आणि गुडघाभर खड्ड्यात पुरून वर पाय देऊन वाळू दाबा. चार माणसांच्या तंबूला अशा सहा पिशव्या पुरतात. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, मुलं अंधारात अडखळतात.

पाणी आणि शौचालय

पट्टीवरच्या विहिरींना गोडं पाणी असतं ही निसर्गाची मेहेरबानीच. पावसाचं पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, तोच हा साठा. उपसा वाढला की खारं वर येतं, म्हणून मार्चनंतर काही विहिरी मचूळ होतात. चाखून बघा आणि जपून वापरा. पिण्यासाठी माणशी रोज ४ लिटर, बाकी सगळ्याला माणशी रोज ८ लिटर धरा. चौघांना दोन रात्रींसाठी पिण्याचं पाणी तरी घरूनच आणावं.

याच कारणाने वाळूत खड्डा करून शौचाला बसणं इथे योग्य नाही. वाळू पाणी पुरेसं गाळत नाही, खाली सोडून देते, आणि पाच-सहा हातांवर कुणाची तरी विहीर आहे. ज्या वाडीत शौचालय-न्हाणीघर वापरायला मिळतं तीच वाडी निवडा, भले समुद्र शंभर पावलं लांब असो.

गाडी आत नेताना

दुपारी तीनच्या आत पोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि वर सांगितलेलं मोजमाप उजेडातच होतं. डिझेल-पेट्रोल मालवणात भरून घ्या. आधी वाट पायी चालून बघा. टाच टेकवून जोर दिल्यावर बूट घोट्यापर्यंत रुतत असेल तर हवा कमी करावीच लागेल.

डांबर सोडायच्या आधी टायर १८ ते २० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणा. १५ च्या खाली जाऊ नका. तीव्र वळणावर टायर रिंगवरून सुटतो. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा पल्ला) दुसऱ्या गिअरवर एका लयीत, माणूस पळेल एवढ्या वेगाने. वाळूत ब्रेक मारायचा नाही, पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यायची, कारण ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच नडतो. शक्यतो थांबताना किंचित उतारावर, तोंड बाहेरच्या दिशेने.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. आणखी दोन सेकंद दाबलात तर गाडी पोटावर बसते. मुलांना उतरवा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा १६ करा, चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड नाहीतर सुक्या झावळा घाला, आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे या. पुढे रेटण्यापेक्षा मागे येणं जवळजवळ नेहमीच सोपं. दोरीने ओढायची वेळ आली तर दोरी चासीच्या टो-हुकलाच अडकवा. बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला नाही. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. ओढताना सगळे दोरीच्या दुप्पट अंतरावर.

तळावर गाडी एका बाजूला, तंबू आणि मुलांचं खेळणं दुसऱ्या बाजूला. वाळूत गाडीचा आवाज दबतो आणि उंच गाडीच्या बॉनेटपुढे बसलेलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून मोठं माणूस बाहेर उभं राहून हात दाखवेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, दहा फूट मागे घ्यायची असली तरी.

मुलं आणि पाणी

देवबागचा संगम बघायला सुंदर आहे, पोहायला नाही. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी त्या मुखातून समुद्राकडे धावतं आणि काठाची वाळू पायाखालून सरकते. मुलांना मुखापासून दूर, सरळ पुळणीवर, गुडघाभर पाण्यात आणि भरती चढत असतानाच सोडा. उथळ पाण्यात पाय घासत चालायला शिकवा, वाळूत दबलेलं पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) बाजूला होतं.

शेकोटी पुळणीवर नको. वाडीत मालक हो म्हणाले तर घमेल्यात करा आणि विझवताना पाणी ओता. वाळू टाकली तर निखारे खाली तासन्‌तास धगधगतात, वरून काहीच दिसत नाही आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय भाजतो. दिवे पिवळे, मंद आणि जमिनीकडे वळलेले ठेवा. समुद्राकडे रोखलेल्या पांढऱ्या दिव्याने कासवाची मादी अंडी न घालता परत फिरते.

निघताना तणाव्यांच्या पिशव्या उकरून वाळू तिथेच ओता, गोण्या बरोबर घ्या. डांबराला लागल्याबरोबर टायर पुन्हा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, १८ पीएसआयवर घाट चढलात तर टायर तापून फाटू शकतो. बारा व्होल्टचा पंप एका टायरला पाच ते आठ मिनिटं घेतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडीचं पोट, ब्रेक आणि चाकांच्या आतल्या बाजू धुवा.