साप घरी यायच्या आधी: नाक आणि खवले शाबूत राहावेत म्हणून

रॉयल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या लहानशा बिनविषारी अजगराचं, पिल्लू घरी आणायचं ठरलं असेल, तर त्याची पेटी निदान दोन आठवडे आधी मांडा आणि रिकामीच चालू ठेवा. हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी चटई, तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट, पाण्याचं भांडं, लपायच्या जागा, सगळं जागच्या जागी हवं, फक्त साप तेवढा नको. इथे इंग्लंडमध्ये माझ्या ओळखीच्या मराठी घरांत बहुधा याच्या उलट होतं. मुलाचा वाढदिवस येतो, शनिवारी साप आणि पेटी एकाच गाडीतून घरी येतात, रात्री घाईघाईने जोडाजोड होते. मग महिन्याभरात मला फोटो येतो. तोंडाच्या टोकावरचा खवला घासून गुलाबी पडलेला, कधी त्यावर खपली धरलेली. सोबत एकच प्रश्न असतो, ‘ताई, याला काय लावू?’ काय लावायचं ते पुढे सांगते. पण ही जखम बहुतेक वेळा साप घरात पाऊल टाकायच्या आधीच पेटीत मांडून ठेवलेली असते, म्हणून ही यादी आधीच्या दिवसांची आहे.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करते. नाग, धामण, अजगर असे आपल्या रानातले साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा. रॉयल पायथन परदेशी असला तरी साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. भारतात असा प्राणी जवळ असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. इथे ब्रिटनमध्ये हा साप पाळायला परवाना लागत नाही, पण २००६ चा प्राणी कल्याण कायदा पाळणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. योग्य जागा, योग्य अन्न, वेदना आणि इजेपासून रक्षण, हे सगळं त्यात येतं. घासलेलं नाक म्हणजे या जबाबदारीत आपण कुठेतरी कमी पडलो आहोत.

साप नाक का घासतो हे एकदा नीट कळलं की यादीतली निम्मी कामं आपोआप सुचतात. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर निघायचं, हा त्याचा दिनक्रम. वाट काढायचं त्याचं हत्यार एकच, नाक. माती सैल लागली की रेटा द्यायचा, फट दिसली की डोकं घालायचं. काच नावाची वस्तू त्याच्या जगात कधी आलेलीच नाही. पलीकडे उजेड दिसतो, फटीतून वारा लागतो, म्हणजे वाट आहे, अशी त्याची खात्री होते. मग रात्रीमागून रात्री तो त्याच कोपऱ्यात रेटत राहतो. ओठांच्या मधोमध असलेल्या त्या खवल्याखाली एक बारीकशी खाच असते, तोंड न उघडता जीभ बाहेर यावी म्हणून. तिथे सूज आली की तोंड घट्ट मिटत नाही, घाण आत जाते आणि हिरड्या सडायला लागतात. लहानपणी गावाकडे सर्पमित्रांनी पकडलेली धामण एक रात्र जाळीच्या झाकणाच्या डब्यात राहिलेली मी पाहिली आहे. सकाळी तिचं नाक रक्ताळलेलं होतं. धामण चपळ, तिला कोंडून घेणं सोसत नाही. रॉयल पायथन शांत, त्यामुळे त्याला हेच व्हायला महिना लागतो, आणि तेवढ्यात आपलं लक्ष उडालेलं असतं.

तेव्हा पहिलं काम पिल्लू कुठून येणार हे ठरवायचं. इथेच पैदास झालेलं, निदान चार-पाच वेळा व्यवस्थित जेवल्याची नोंद असलेलं पिल्लू घ्या. घाना, टोगो, बेनिन या देशांतून गाभण माद्या किंवा अंडी गोळा करून निपजलेली पिल्लंही बाजारात येतात. ती प्रवासाने आधीच दमलेली असतात आणि नव्या पेटीत जास्त अस्वस्थ होतात. थोडे पैसे वाचतात म्हणून ती घेऊ नका.

मग पेटी. लाकडाची किंवा पीव्हीसीची, फक्त समोरून काच असलेली पेटी सगळ्यांत चांगली. घरात माशांची जुनी काचेची टाकी असेल आणि तीच वापरायची असेल, तर तीन बाजूंना बाहेरून काळा पुठ्ठा लावा. समोरच्या काचेवरही तळापासून चार बोटं उंचीची पट्टी झाका, कारण साप सरपटताना त्याचं तोंड बरोबर तेवढ्याच उंचीवर असतं. पूर्ण वाढलेल्या सापाला साधारण १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच एवढी जागा द्यावी. लहान पिल्लू मोठ्या पेटीत घाबरतं असं सांगितलं जातं. माझ्या मते ते घाबरतं रिकाम्या पेटीत. झाडाच्या सालीचे तुकडे, प्लॅस्टिकची पानं, बुंधे, कागदाच्या नळ्या यांनी ती भरून टाका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे.

जाळीचं झाकण असेल तर ते काढून गुळगुळीत झाकण बसवणं बरं. तारेची जाळी कानशीसारखं काम करते. काढणं शक्य नसेल तर साप तिथपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था करा. हवेसाठी पाडलेली भोकं बाहेरून गुळगुळीत दिसतात, पण आतल्या बाजूला ड्रिलचे काटे राहिलेले असतात. ते कानशीने घासा आणि वर पॉलिश पेपर फिरवा. एक साधी परीक्षा आहे. जुना नायलॉनचा मोजा हातात घाला आणि पेटीच्या आतून प्रत्येक कडा, कोपरा, फांदी, भांड्याचा काठ यांवरून हात फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे खवला अडकेल. मला या एका परीक्षेने दुकानातून नव्या आणलेल्या गुहेच्या तोंडाशीच साच्याची धारदार कड सापडली होती. कुंडी उपडी घालून गुहा करणार असाल तर तिच्या बुडाचं भोक बुजवा. साप त्यात डोकं घालतो, निम्मा आत जातो आणि मग पुढे होत नाही, मागेही होत नाही. ओढून काढताना खवले उलटे उचकटले जातात. सरकत्या काचांमधली फटही विसरू नका. तिथून वारा येतो, आणि वारा आला की नाक आलंच. पारदर्शक रबरी पट्टी बसवली की काम झालं.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, दोन्ही सारख्याच. आणि त्या घट्ट असाव्यात. वेटोळं घातल्यावर सापाच्या दोन्ही बाजू भिंतींना टेकल्या पाहिजेत. माणसाला ती जागा अवघडल्यासारखी वाटेल, पण सापाला अंगाला भिंत लागल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही. एकच गुहा ठेवली तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं. मग तो रात्रभर फिरतो आणि फिरणारा साप काचेशी येतोच.

आता उष्णता. खवल्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान मी इथे झालेलं पाहिलं आहे. उबदार टोकाची जमीन ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७ अंश, रात्री २२ च्या खाली नाही. हे आकडे थर्मोस्टॅटशिवाय राखता येत नाहीत, म्हणून थर्मोस्टॅट नसेल तर हीट मॅट चालूच करू नका. मोकळी सोडलेली मॅट ४० अंशांच्या पुढे सहज जाते. पोटाखालून चटका बसत असताना साप पटकन उठून जाईल हा आपला समज चुकीचा आहे. तो तिथेच बसून राहतो आणि दोन दिवसांनी पोटाचे रुंद खवले तपकिरी पडून सोलायला लागतात. थर्मोस्टॅटचं टोक, म्हणजे तापमान ओळखणारी वायर, मॅटच्या अगदी लगत हवी. वर चार बोटं काथ्याचा भुसा आणि त्यावर वायर, असं केलं तर वर ३२ दिसतात आणि भुसा उकरून तळाशी गेलेला साप भाजतो. बल्ब वापरत असाल तर त्याला पिंजऱ्यासारखं संरक्षण हवंच. विजेवर तापणारे कृत्रिम दगड मिळतात, ते घेऊ नका. या दोन आठवड्यांत रोज सकाळी आणि रात्री दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिहा. बाहेर थंडी वाढली की आकडे कसे घसरतात ते तेव्हाच कळतं.

ती वायर चिकटपट्टीने चिकटवू नका. हे मी स्वतः केलं आहे. पहिल्या वर्षी वायर हलू नये म्हणून मी पेटीच्या आत पॅकिंगची पट्टी लावली. दमटपणाने तिची एक कड सुटली आणि सकाळी साप तिला चिकटलेला सापडला. मी घाबरून ओढलं. मानेमागे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवरचे खवले पट्टीबरोबर आले. तेल लावून, कापसाने हळूहळू अर्धा तास घालवला असता तर ते वाचले असते. पुढच्या चार काती टाकून झाल्यावरही तिथला रंग पूर्वीसारखा नव्हता, आणि आजही मी तो डाग रोज बघते. माशाचा खवला जसा वेगळा चिकटलेला असतो तसा सापाचा नसतो. त्याच्या कातडीचीच ती घडी असते, म्हणून खवला गेला म्हणजे कातडी गेली. पेटीच्या आत कसलीही चिकटपट्टी नको. वायर भिंतीत भोक पाडून आणा आणि क्लिपने बसवा.

दमटपणा ६० ते ७० टक्के असू द्या, कात यायला लागली की थोडा जास्त. इथल्या घरांत हिवाळ्यात रेडिएटर चालू झाले की हवा इतकी कोरडी होते की जानेवारीत काती तुकड्यातुकड्यांनी निघतात. नाकावर चिकटून राहिलेली जुनी कात काढायला साप पुन्हा नाकच घासतो. यासाठी ओलसर शेवाळ भरलेला, झाकणाला भोक असलेला डबा आधीच तयार ठेवा. मात्र दमट हवा वेगळी आणि ओली जमीन वेगळी. भुसा सतत चिंब राहिला तर पोटाच्या खवल्यांखाली पाण्याचे फोड येतात. भुशाची मूठ दाबून पाहा, गोळा व्हावा पण पाणी निथळू नये. डोळे दुधाळ निळसर झाले की साप हातात घेणं बंद. त्या दिवसांत जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साठलेला असतो आणि साध्या बोटाच्या दाबाने नवा थर दुखावतो. राहिलेली कात सोलू नका. ओलसर टॉवेल घातलेल्या डब्यात अर्धा तास सोडा, तो स्वतःच टॉवेलच्या घड्यांमधून कात उतरवतो. डोळ्यावरची जुन्या कातीची पारदर्शक टोपी राहिली असेल तर तिला नखही लावू नका.

जमिनीवर पहिले दोन महिने भुशाऐवजी पांढरा कागद घाला. दिसायला बरं नाही, पण माइट म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक किडे दिसतात. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके पाण्याच्या भांड्याच्या तळाशी दिसले तर तेच. हे किडे खवल्यांच्या फटीत शिरून रक्त पितात, आणि खाज सुटलेला साप दिसेल त्या वस्तूला अंग घासतो. घरात आधीचा साप असेल तर नवा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या चिमट्याने, दुसऱ्या भांड्यांनी.

खाणं गोठवलेलं आणून वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने द्या. जिवंत उंदीर पेटीत सोडणं दोघांवरही अन्याय आहे, आणि उंदराचा दात सापाच्या पाठीचे लचके काढतो. काचेबाहेर उंदीर नाचवू नका. त्याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खड्डे असतात. वासाने आधीच सावध झालेला साप काचेवर झेप घेतो, आणि तोंड आदळतं ते त्याच खवल्यावर. बरेच प्रौढ नर हिवाळ्यात महिनोन् महिने खात नाहीत आणि मादीच्या शोधात फिरतात. त्या काळात आडोसा वाढवा.

डॉक्टर आधी शोधा. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप तपासत नाही. फोन करून विचारा, नंबर पेटीच्या बाजूला लिहून ठेवा. जखम दिसलीच तर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने टिपा आणि जमिनीवर कागद घाला. हळद नको, खोबरेल नको, बधिर करणारं औषध मिसळलेलं मलम तर अजिबात नको. हे सांगावं लागतं, कारण आपल्या घरांत हात आधी हळदीच्या डब्याकडेच जातो. तोंडात चिकट पू दिसला, ओठ मिटेनासे झाले, नाकाशी फेस आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. वरवरचं घासलेलं दोन-तीन कातींत भरून येतं, खोल गेलेलं व्रण ठेवतं. आणि औषध चालू असताना जुना फोन रात्रभर पेटीसमोर लावून चित्रण करा. तो नेमका कुठल्या कोपऱ्यात, किती वाजता रेटतो ते दिसल्याशिवाय कारण सापडत नाही.

साप घरी आल्यावर पहिले सात-आठ दिवस पेटीवर चादर टाकून ठेवा आणि पाणी बदलण्यापलीकडे हात घालू नका. मुलांना हे कठीण जातं, म्हणून त्यांना एक काम द्या. पहिल्याच दिवशी नाकाचा जवळून फोटो काढून वहीत चिकटवायचा. पुढे शंका आली की तुलनेला तोच कामी येतो.

आणि तो यायच्या आदल्या रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करून रिकाम्या पेटीच्या समोरच्या काचेला पाठ करून बसा, डोळे पेटीच्या तळाच्या पातळीवर आणा आणि खोलीकडे बघा. दाराखालून येणारी उजेडाची रेघ, थर्मोस्टॅटचा हिरवा ठिपका, पडद्याच्या फटीतून येणारा रस्त्यावरचा दिवा. काचेतून जिथे उजेड दिसेल, तिथे आत्ताच पुठ्ठा लावा.