पिटबुल, रॉटवायलर आणायच्या आधी एवढं बघा

भाऊ, केळीच्या मळ्यावर राखणीला पिटबुल आणायचा म्हणताय तर आधी कायदा बघा. मार्च 2024 मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या 23 जातींवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं, एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, त्यामुळे व्हॉट्सअपवरच्या यादीवर जाऊ नका, जळगाव-धुळ्यात असाल तर मनपात लायसन्सचं विचारून घ्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी विकत असेल तर घेऊच नका. रेबीज लसीचं कार्ड जपा. खरी गोम पुढेच आहे, जात कोणतीही असो, तुमच्या हलगर्जीने चावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून गेटची कडी रोज तपासा, बाहेर नेताना तोंडाला जाळी, पट्टा पोराच्या हातात नको. आणि भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखाली दिवसभर बांधाल तर कुत्रं चिडणारच ना भो!