टीचरकडे जाताना फाइल नको, एक पान घेऊन जा

माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याला अवघड जातं, आणि सोबत डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिणं त्याला फार जड जातं. पहिली दोन वर्षं मी टीचरला भेटायला जायचे तेच मनात तयारी करून, की आज काय ऐकून घ्यायचंय आणि उलट काय सुनवायचंय. त्यात मुलाचं काहीच भलं झालं नाही आणि टीचर बिचाऱ्या मला बघितलं की आधीच आखडून बसायच्या. नंतर हळूहळू कळलं की टीचरला मदत मिळाली तरच माझ्या मुलाला मदत मिळणार आहे, कारण दिवसातले पाच-सहा तास तो त्यांच्यासमोर असतो, माझ्यासमोर नाही. तर आम्हाला जे उपयोगी पडलं ते लिहितेय.

पहिल्या भेटीत रिपोर्टांची जाड फाइल घेऊन जाऊ नका. ती वाचायला कुणाला वेळ नसतो आणि आयक्यूच्या आकड्यांवरून उद्या तिसऱ्या तासाला काय करायचं ते कळत नाही. एकच पान न्या, मोठ्या अक्षरात. त्याला काय छान जमतं, कशाने बिथरतो, बिथरायच्या आधी कसं ओळखायचं (माझा मुलगा बुटाची लेस ओढायला लागतो), कशाने शांत होतो आणि कुठली गोष्ट अजिबात करू नये. बस एवढंच. आणि पान हातात द्यायच्या आधी विचारा, ‘तुम्हाला दिवसातला सगळ्यात अवघड वेळ कुठला वाटतो?’ मग गप्प बसून ऐका, मध्ये ‘घरी तर असं करत नाही’ म्हणू नका. मी हे वाक्य इतक्या वेळा बोललेय, आणि टीचरला त्याचा अर्थ एकच ऐकू येतो, की चूक तुमची आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. वागणुकीचं कारण शोधायला तीन रकान्यांची नोंद ठेवतात: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. पण अख्खा वर्ग सांभाळणाऱ्या बाईने हे लिहायचं कधी? म्हणून मी कार्डाएवढ्या चिठ्ठ्या करून दिल्या, त्यावर नुसतं टिक करायचं, कुठला तास, काय चाललं होतं, मग काय झालं. टीचर म्हणाल्या दोन आठवडे करून बघू. चिठ्ठ्या घेऊन आम्ही दोघी बाकावर बसलो तेव्हा दिसलं की वही फेकण्याचे नऊ प्रसंग आहेत आणि त्यातले सात फळ्यावरून उतरवून घेताना झालेत, तोंडी उत्तरांच्या वेळी एकही नाही. आणि तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच टिक, वर्गाबाहेर उभं केलं. म्हणजे वही फेकली की लिहिण्यातून सुटका! आम्ही त्याला शिक्षा समजत होतो आणि त्याच्यासाठी ती सुट्टी होती. त्या आठवड्यातली त्याची वही मी नंतर नीट बघितली, पेन इतकं दाबलेलं की अक्षरं पुढच्या तीन पानांवर उमटलेली, आणि चौथ्या ओळीच्या मध्येच शब्द तुटलेला.

मग उपाय सोपा निघाला. फळ्यावरचा मजकूर छापून द्यायचा, त्याने फक्त गाळलेले शब्द भरायचे आणि बाकीचं तोंडी सांगायचं. छापून आणायचं काम मी घेतलं, ते टीचरवर टाकलं नाही. त्यांचं काम वाढवणारी कुठलीही सूचना दोन दिवसांच्या वर टिकत नाही हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र टीचरला आधीच सांगून ठेवा. मुलाला ज्या वागण्यातून सुटका किंवा लक्ष मिळत होतं ते मिळायचं बंद झालं की सुरुवातीला ते वागणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं, कारण तो जुनाच उपाय जास्त जोरात करून बघतो. हे माहीत नसेल तर चौथ्या दिवशी दोघींनाही वाटतं की सगळं फसलं, आणि नेमकं तिथेच सोडून दिलं जातं.

टीचर रोज टिक करून घरी पाठवतात अशा कार्डाचाही खूप उपयोग होतो. त्यावर तीनच गोष्टी, आणि त्या ‘नीट वागला’ अशा मोघम नको, ‘बोलायच्या आधी हात वर केला’ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या हव्यात. सुरुवातीला इतक्या सोप्या ठेवा की तो बहुतेक दिवस जिंकेलच. बक्षीस घरी आणि त्याच संध्याकाळी, महिन्याच्या शेवटी सायकल असलं काही नको, एडीएचडीच्या मुलाला लांबचं बक्षीस ओढून धरत नाही. टिक कमी आले तर बक्षीस नाही एवढंच, वर ओरडा नको, नाहीतर मूल कार्ड दप्तरात लपवायला लागतं आणि टीचरला वाटतं आपल्यामुळे त्याला घरी मार बसतोय.

वर्गात सूचना एका वेळी एकच, कारण ‘पुस्तक काढा, बारावं पान उघडा, तिसरा प्रश्न लिहा’ यातलं पुस्तक काढेपर्यंतच त्याच्या डोक्यात राहतं. आणि प्रश्न विचारल्यावर थोडं थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधून मोजलं होतं की शिक्षक उत्तरासाठी साधारण १ सेकंदच थांबतात, ते ३ सेकंद केलं तर मुलांची उत्तरं लांब आणि चांगली येतात. हे टीचरला शिकवण्याच्या सुरात सांगू नका हां, मी आमच्या पानावर ‘याला उत्तर द्यायला वेळ लागतो, मनात तीन मोजलंत तर बोलतो’ एवढंच लिहिलं होतं.

डॉक्टरांनी टीचरसाठी फॉर्म दिला तर त्याचं कारण समजावून सांगा. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का ते बघावं लागतं, म्हणून त्यांचं खरं मत हवं असतं, ती तक्रार धरली जाणार नाही. गोळी सुरू असेल तर लपवू नका. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध, त्याची साधी गोळी साधारण ४ तासच चालते, मग दुपारच्या तासाला तो वेगळा का वागतो हे टीचरला कोण सांगणार? आणि ऐकण्याची, नजरेची तपासणी राहिली असेल तर आधी ती करून घ्या.

बाकी रात्री अकराला मेसेज टाकणं, मुलासमोर टीचरला नावं ठेवणं, ‘मागच्या वर्षीच्या टीचर बऱ्या होत्या’ म्हणणं हे सगळं बंद. त्याऐवजी एखादी गोष्ट जमली की मुख्याध्यापकांना चार ओळी लिहून कळवा, टीचरचं नाव घेऊन. मी लिहिलं तेव्हा टीचर म्हणाल्या की पालकांकडून वरपर्यंत आजवर फक्त तक्रारीच गेल्या होत्या. आणि शाळेकडे काही मागायचंच असेल तर टीचरसाठी मागा, मूल बिथरलं की पाच मिनिटं वर्ग बघायला शेजारच्या वर्गातून कुणीतरी येईल एवढी सोय.

वर्ग बदलायची वेळ आली की ते पान जुन्या टीचरकडे द्या आणि दोन ओळी त्यांच्या हाताने लिहून घ्या, पुढच्या टीचरला आईपेक्षा टीचरचं लवकर पटतं. आमच्या टीचरने लिहिलं होतं, ‘याला पहिल्या बाकावर बसवू नका, मागे काय चाललंय ते बघायला सारखा वळतो. भिंतीकडेला तिसऱ्या बाकावर बसवा, तिथे तो काम करतो.’ हे मला माहीतच नव्हतं.