झाड उभं असतानाच आतली नक्षी कशी ओळखायची

मागच्या हिवाळ्यात आमच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, गावरान आंबा काढला, अर्धा वाळलाच होता. आरामशीनवर नेला, त्यांनी नेहमीसारखं एका बाजूने सुरू करून सरळ फळ्या पाडत नेल्या. बाजूच्या सगळ्या फळ्या साध्या निघाल्या, आणि गाभ्याजवळून गेलेल्या मधल्या दोन फळ्यांवर मात्र आडव्या लाटाच लाटा, फळी जराशी तिरपी केली की उजेड त्यावरून पाण्यासारखा सरकायचा. म्हणजे लाट अख्ख्या खोडात होती, आपण कापायची दिशा चुकवली. खूप जीवाला लागलं ते. तेव्हापासून कुऱ्हाड लावायच्या आधी झाड नीट पाहतो, आणि तेच इथे सांगतोय, कारण आपल्याकडे वाकडं गाठीचं झाड दिसलं की थेट जळतणात टाकतात.

आधी एक समजून घ्या. लाकडाचे रेषे खालून वर सरळ गेले की फळी साधी. तेच रेषे नागमोडी गेले की एका ठिकाणी त्यांची कड दिसते तिथे चमक येते, दुसऱ्या ठिकाणी त्यांची तोंडं वर येतात तिथे लाकूड काळपट दिसतं, म्हणून फळी हलवली की पट्टे जागा बदलतात. ही लाट सालीखाली लाकडाच्या अंगावर खरोखर उंचसखल असते, हाताला लागते.

झाड पाहायचं ते सकाळी नाहीतर सूर्य कलला की. ऊन तिरपं पडतं, खोडावरच्या बारीक उंचवट्यांची सावली दिसते, भर दुपारी काहीच कळत नाही. खोडाला गोल चक्कर मारा, मग डोळे मिटून तळहात वरून खाली सावकाश फिरवा. नालीदार पत्र्यावरून हात फिरवल्यासारखं बोटाबोटाच्या अंतरावर आडवं आडवं काही लागलं तर थांबा. कहू म्हणजे अर्जुन, धावडा, यांची साल गुळगुळीत, त्यांच्यावर लवकर कळतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटलेली, वरून काहीच सांगत नाही, आणि आतलं लाकूड तर नक्षीला लय भारी, त्यामुळे ऐनाला सालीवरून नापास करू नका. सागवान बहुतेक सरळच निघतं, त्याच्या बुंध्याला ज्या उभ्या खोल खाचा असतात त्या म्हणजे नक्षी नाही, उलट त्यात फळी वाया जाते.

फसवणारी जागा म्हणजे जाड फांदीच्या खालची बाजू आणि मुळं फुटतात तो बुंधा. तिथे हत्तीच्या गुडघ्यासारख्या वळ्या पडतात. वजनाने लाकूड दबून त्या येतात, तेवढ्या जागेत आत नक्षी मिळते पण खोडभर असेल असं नाही. खरी लाट बुंध्यापासून वर चार-पाच फूट तरी सलग जाणवली पाहिजे. बऱ्याचदा ती एकाच बाजूला असते, म्हणून चारही अंगांनी पाहायचं.

शंका राहिली आणि झाड काढायचं नक्की असेल तरच पटाशीने दोन बोटं रुंद, चार बोटं उंच एवढी साल उचला. पावसाळ्यात रस चढलेला असतो तेव्हा साल सहज सुटते आणि खालचं ओलं पांढरं लाकूड स्वच्छ दिसतं, उन्हाळ्यात ती चिवट असते. ठेवायच्या झाडाला हे करू नका, त्या जखमेतून कूज आत जाते. तिथे साल गेलेली जुनी जागा शोधा.

झाड पडल्यावर खालच्या टोकाचा हातभर तुकडा घेऊन कुऱ्हाडीने गाभ्यातून सालीकडे असा फोडून पाहा, करवतीने नाही, कारण करवत रेष्यांना कापून जाते आणि कुऱ्हाड रेष्यांच्या मागे जाते. लाट असेल तर फुटलेला भाग खरंच लाटेसारखा वरखाली दिसेल. तुकडा फुटायलाच तयार नाही, रेषे एकमेकांत अडकून फाटतायत, असं झालं तर तिथे रेषे थर बदलताना उजवीकडे डावीकडे झुकलेले असतात, कडुलिंबात हे दिसतं. त्याच्या फळीवर उभे चमकदार पट्टे येतात. आणि उभ्या वाळक्या झाडाच्या भेगा दोरीच्या पिळासारख्या फिरत वर गेल्या असतील तर ते झाड पिळाचं, त्याची फळी वाळताना वळते, त्यातून लांब फळ्या काढायच्या भानगडीत पडू नका.

बेचक्याचं वेगळं प्रेम आहे मला. दोन सारख्या जाडीच्या फांद्या जिथे फुटतात तिथे आत मोरपिसासारखी नक्षी असते. बेचकं गोलसर, पसरट निवडा. अगदी चिमटीत पकडल्यासारखं अरुंद असेल तर मध्ये साल दबून राहते आणि फळी तिथेच चिरते. तोडताना बेचक्याच्या खाली दोन-तीन फूट आणि वर फूटभर ठेवा, आणि मशीनवर काप असा जाऊ द्या की दोन्ही फांद्यांचा आणि खोडाचा गाभा एकाच कापात मधोमध फाटेल. काप आडवा गेला की पीस गेलं. फळी दोन इंचाची ठेवा, हा भाग वाळताना सगळ्यात जास्त वाकतो.

शिसव, बाभूळ, कडुलिंब यांच्या अंगावर गाठोडं दिसलं तर जवळून पाहा. त्यावर बारीक बारीक फुटवे असतील तर आत डोळ्यांसारख्या गोल नक्षीचे ठिपकेच ठिपके. नुसता गुळगुळीत फुगवटा असेल तर बहुतेक तुटलेल्या फांदीवर चढलेलं लाकूड.

तोडायच्या आधी परवानगी घ्या. साग, आंबा, ऐन, बीजा, मोह, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या वावरात असली तरी महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोड हिवाळ्यात. बुंध्याजवळची माती उकरून शक्य तितकं खालून कापा, लाट बहुतेक वेळा बुडाशीच दाट असते. धुऱ्यावरच्या झाडात तार, खिळे गिळलेले असतात, कुठे निळाकाळा डाग दिसला की आत लोखंड आहे समजा.

मशीनवर स्वतः उभे राहा. लाटेच्या बाजूवर गेरूने खूण करून ठेवा, लाट सगळ्यात छान गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या कापावर दिसते, म्हणून ओंडका आधी मधोमध चिरून, मग अर्ध्याचे अर्धे करून त्या बाजूने फळ्या काढायला सांगा. मिस्त्री कुरकुर करेल, वेळ जास्त लागतो, त्याचे पैसे आधीच ठरवा. पहिली फळी निघाली की ओला फडका फिरवून मोबाईलची बॅटरी आडवी धरून पाहा, दिशा चुकली असेल तर तिथेच बदलता येते. टोकांना त्याच दिवशी जुना ऑइल पेंट नाहीतर मेण लावा आणि फळ्यांमध्ये इंचभर पट्ट्या ठेवून सावलीत थप्पी लावा, आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात उघडी टोकं आठवड्यात चिरतात.