बोटीच्या ट्रॉलीला टायर कोणता टाकायचा आणि हवा किती भरायची

इंदूरात राहून बोट कशाला, हा प्रश्न आता मला भाजीवाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. समुद्र नाहीये हे कबूल, पण दोन-तीन तासांवर नर्मदा आहे, आणि पुनासाचं इंदिरा सागर आहे जे पाण्याच्या साठ्याच्या हिशोबात देशातलं सगळ्यात मोठं धरण आहे. म्हणून मी, धाकटा भाऊ आणि आमचे साडू अशा तिघांनी मिळून चौदा फुटी जुनी फायबरची बोट घेतली, ट्रॉलीसकट. बोटीचं इंजिन, तळ, सीटा सगळं ठोकून ठोकून बघितलं. ट्रॉलीच्या टायरांना साडूंनी एक लाथ मारली आणि म्हणाले "कडक आहेत". झालं, टायरांची तपासणी एवढीच.

मे महिन्यात दुपारी मोरटक्क्याचा पूल ओलांडून सनावदकडे चाललो होतो तर मागून एक टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देतोय, मला वाटलं ओव्हरटेक करायचंय, साइड दिली तर हात करून खाली खाली दाखवतोय. थांबलो तर डाव्या टायरची नक्षी पट्ट्यासारखी सोलून निघालेली आणि मडगार्डवर फटके मारतेय, मला पुढे स्टिअरिंगवर काहीच कळलं नव्हतं. कारचा टायर बसला की गाडी ओढते, आवाज येतो, ट्रॉलीचं तसं नसतं, ती मागे गुपचूप मरते. आणि स्टेपनी काढली तर तिच्यात १८ ची हवा! घरी आल्यावर ज्या गोष्टी मुकाट्याने शिकलो त्या लिहितोय, कोणाच्या कामी आल्या तर बरं.

पहिली गोष्ट, दुकानात जायच्या आधी वजन करा. अंदाज नका लावू. आम्ही कागदावर मांडलं होतं, बोट १८०, इंजिन ५०, ट्रॉली १६०, पेट्रोल-बॅटरी-नांगर-दोर मिळून ६०, म्हणजे साडेचारशे. मग सगळं सामान भरून, बर्फाच्या डब्यासकट, धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या काट्यावर नेली तर ५४० निघाली. हे वरचे ९० किलो कुठून आले तर लाइफ जॅकेट, गळ, दुसरी बॅटरी, चटया, आणि बोटीच्या तळात साचलेलं पाणी जे कोणी काढलंच नव्हतं. धर्मकाट्यावर नेताना कार सोडवून फक्त ट्रॉली काट्यावर उभी करा, पुढचं टोक जॅकव्हीलवर, म्हणजे पुढच्या छोट्या टेकू-चाकावर टेकवून, म्हणजे पूर्ण वजन मिळतं. त्यातलं दहा टक्क्यांच्या आसपास हुकावर म्हणजे कारवर जातं पण टायरच्या हिशोबात ते वजा करायचं नाही, तेवढी शिल्लक आपल्याकडे राहू द्यावी. दोन टायर, म्हणजे एकावर २७०. वर निदान वीस टक्के मार्जिन ठेवा कारण बोटीत सामान कधी कमी होत नाही.

आता टायरवर काय लिहिलंय ते वाचायला शिका, उकिडवं बसून, मोबाइलचा टॉर्च लावून. समजा १४५/८० आर १२ ७४ टी असं लिहिलंय. १४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, १२ म्हणजे रिम किती इंची, आणि यातला आपल्या कामाचा आकडा ७४. हा लोड इंडेक्स. ७४ म्हणजे एक टायर ३७५ किलो उचलतो, त्याच जागी ८० असेल तर ४५०, ८४ म्हणजे ५००, ९१ म्हणजे ६१५. शेवटचं अक्षर स्पीडचं, ते आपण सोडून देऊ, ट्रॉली घेऊन ऐंशीच्या वर जाणाऱ्याने हे वाचायची गरजच नाही.

कारचा टायर ट्रॉलीला लावायचा असेल तर त्याची ताकद दहा टक्क्यांनी कमी धरायची पद्धत आहे, म्हणजे ३७५ चा झाला ३४० च्या आसपास. आमच्या २७० ला तो पुरतो, पण काठावरच. अमेरिकेतून आलेल्या ट्रॉल्यांवर एसटी लिहिलेले टायर असतात, ते खास ट्रेलरचे, त्यांची बाजूची भिंत जास्त कडक असते म्हणून वळणावर ट्रॉली डोलत नाही. उदाहरणार्थ एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी (ताकदीचा वर्ग), हा ५० पीएसआय हवेवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पंपावर सांगतात तेच) साधारण ८०० किलो घेतो. तो मिळाला तर उत्तम, पण आपल्याकडे टायर मार्केटमध्ये तो मागा आणि दुकानदाराचा चेहरा बघा. इथे चालणारा तोडगा म्हणजे छोटा हाथीचा टायर, टाटा एसचा, १४५ आर १२ एलटी ८ पीआर (एलटी म्हणजे लाइट ट्रक, पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, थरांच्या हिशोबातली ताकद). हा माल वाहायलाच बनलाय, भिंत जाड असते, आणि रस्त्यात कुठेही बदली मिळतो, बडवाहलाही आणि खंडव्यालाही. त्यावर ८६/८४ असं जोडीने लिहिलं असेल तर पहिला आकडा एकेरी टायरचा आणि दुसरा जोडचाकाचा, आपण पहिला घ्यायचा, ८६ म्हणजे ५३० किलो. आम्ही हेच टाकले.

फक्त रिम आधी तपासा, एवढी हवा ती सोसते का, आणि व्हॉल्वसुद्धा. साधा रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, त्याच्या वर भरायची असेल तर मेटलचा लावून घ्या, काही फार खर्च नाही. एका एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन (तिरप्या धाग्यांच्या जुन्या बांधणीचा) असं चालत नाही, दुकानदार "चल जाएगा भिया" म्हणेल, नाही चलत.

आणि तारीख. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या फाटलेल्या टायरवर होतं ०९१४, म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा. नक्षी अगदी नवीकोरी, बोटं रुतत होती, कारण ट्रॉली वर्षातून चार वेळा चालते. पण रबर उन्हात पडून पडून आतून वाळलं होतं, भिंतीवर केसासारख्या चिरा होत्या ज्या आम्हाला धूळ वाटल्या. ट्रॉलीचा टायर घासून नाही मरत, बसून मरतो. नक्षी कितीही असो, सहाव्या वर्षी बदलून टाका. घेताना सुद्धा हे चार आकडे बघूनच पैसे द्या, मला एकदा दोन वर्षं गोदामात पडलेला "एकदम ताज़ा माल" म्हणून दाखवला होता.

आता हवा, ज्यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. पंक्चरवाला विचारतो "३० कर दूँ?" आणि आपण मान हलवतो, कारण कारला ३० असते. एसटी टायर असेल तर सरळ भिंतीवर लिहिलेला जास्तीत जास्त आकडा भरायचा, कारण तो पूर्ण वजन त्याच हवेवर उचलतो, कमी हवेवर ताकदही कमी होते. कारचा टायर असेल तर ३६ च्या आसपास त्याची पूर्ण ताकद मिळते, भिंतीवर ४४ किंवा ५१ लिहिलेलं असलं तरी वर भरून वजन जास्त उचलत नाही, नुसता टणक होतो. आणि एलटी टायरला वजन कमी असेल तर पूर्ण ६५ भरू नका, ट्रॉली खड्ड्यात उड्या मारते आणि बोटीचे बोल्ट ढिले होतात. आम्ही ४५ वर ठेवतो. हा आकडा कसा काढला तर मुलीच्या कंपासमधून खडू घेतला, टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढली, भरलेली ट्रॉली सपाट सिमेंटवर चार-पाच मीटर ढकलली. फक्त मधली रेघ पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडा पुसल्या आणि मधे राहिली तर कमी, सारखी पुसली तर बरोबर. ५५ ला आमची मधलीच पुसली होती.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे ट्रॉली निदान तीन तास उभी असेल तेव्हा, आणि सावलीत. सकाळी इंदूरात २५ डिग्री असते, भेरूघाट उतरून निमाडात गेलो की दुपारी ४२, वर टायर चालून तापतो तो वेगळाच. दर दहा डिग्रीला ४५ च्या टायरमध्ये जवळपास २ पीएसआय वाढतात, म्हणून वाटेत ५० दिसली तर घाबरून हवा काढायची नाही, काढली तर संध्याकाळी गार झाल्यावर टायर कमी हवेवर चालेल, कमी हवेत भिंत जास्त वाकते, वाकली की तापते, आणि मग आमच्यासारखं. गेज स्वतःचं घ्या. तीन पंपांवर एकाच टायरचे तीन आकडे मला मिळालेत, ३८, ४२ आणि ४५. भरून झाल्यावर व्हॉल्ववर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघा आणि टोपी घाला, ट्रॉली पाण्यात उतरते तेव्हा चिखल सगळ्यात आधी तिथेच शिरतो.

नवीन चाक लावल्यावर पन्नासेक किलोमीटरवर नट परत आवळा, आम्ही सिमरोलच्या पुढे चहाला थांबतो तिथेच पाना काढतो. तेव्हाच हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या डबीला, तळवा लावून बघा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगचं ग्रीस गेलंय. धरणावर पोचल्या पोचल्या ट्रॉली पाण्यात घालू नका, तापलेलं हब थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सील मधून पाणी ओढून घेते. अर्धा तास डबे उघडा, खा-प्या, मग उतरवा.

परत आल्यावर ट्रॉली अंगणात उन्हात सोडायची नाही. जॅक लावून एक्सल विटांवर घ्या म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत, चाकांवर जुन्या गोणपाटाचं झाकण टाका, आणि महिन्यातून एकदा गेज लावा, स्टेपनीला आधी.